वेळ जातो चौकात: शहरातल्या ॲडव्हेंचर रेससाठी चौघांची तयारी

आमची टीम चौघांची: मी, माझा धाकटा दीर, कॉलेजात शिकणारी भाची आणि शेजारचे काका. काका पोस्टातून निवृत्त झालेत, वय साठ. उभी नोकरी त्यांनी पुण्याच्या पेठांमध्ये सायकलवरून टपाल वाटण्यात काढली. पहिल्या शर्यतीला उतरलो तेव्हा मला वाटलं, काका बरोबर आहेत, मग नकाशा हवा कशाला?

शर्यतीत मिळालेल्या कोड्याच्या चिठ्ठीत एका मारुतीचा उल्लेख होता. आता पुण्यात मारुती का एक आहे! जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती. काका म्हणाले पत्र्या, दीर म्हणाला सोन्या, आणि चौकात उभं राहून आम्ही तब्बल २२ मिनिटं वाद घातला. घरी येऊन हिशेब मांडला. साडेचार तासांच्या शर्यतीत १ तास १० मिनिटं आम्ही नुसते उभे होतो. तेव्हापासून माझ्या तयारीचं सूत्र एकच आहे: आधी उभं राहण्याचा वेळ कमी करायचा, पायांचा वेग नंतर.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात नकाशा आणि कोडी मिळतात. कधी पळत, कधी सायकलवर, टीमने एकत्र राहून ठरलेली ठिकाणं गाठायची. मध्ये एखादी कसरत असते, उदाहरणार्थ दोरीवरून उतरणं. फोन बऱ्याचदा पाकिटात सीलबंद करून घेतात. म्हणून सराव पहिल्या दिवसापासून फोनशिवायच करा.

पहिलं काम, नकाशा एकाच हातात द्या. आमच्याकडे तो भाचीकडे असतो. दीर तिच्या मागे राहून वळणं पडताळतो. घड्याळ, पाणी, खाणं माझ्याकडे. काकांना बोळ ठाऊक असतात, पण आता ते नकाशावर बोट ठेवून सांगतात, "इथून, या वाड्याच्या मागून." मतभेद झाला तर ३० सेकंद बोलायचं, मग भाची म्हणेल तो रस्ता. चुकली तरी चालेल. चुकीच्या रस्त्यावरून परत येता येतं, चौकात गेलेली मिनिटं परत येत नाहीत.

नकाशाचा सराव घराजवळच करा. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून आपल्या भागाचा नकाशा छापून घ्या. १:१०,००० या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. आपली १०० मीटरला किती पावलं पडतात ते चालताना आणि पळताना, दोन्ही वेळा मोजून ठेवा. नकाशा घडी घालून तळहाताएवढा करा, आपण आहोत तिथे अंगठा ठेवा आणि प्रत्येक वळणावर अंगठा सरकवत न्या. पेठांमध्ये बोळ इतके जवळजवळ आहेत की एक चुकला तर पुढचे सगळे चुकतात. म्हणून निघण्याआधीच 'अडवणारी खूण' ठरवायची. शनिवारवाड्याकडून दक्षिणेला निघालो आणि लक्ष्मी रस्ता लागला, की आपलं ठिकाण मागे राहिलं. मग चर्चा नाही, सरळ मागे फिरायचं.

रविवारी आम्ही एकमेकांसाठी कोडी घालतो. एकदा मी लिहिलं, 'साखळदंडांनी जखडलेला गेंडा शोधा.' भाची कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचं नाव घेऊ लागली, मग तिचं तिलाच पटेना. जवळजवळ तासाभराने आम्ही सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळासमोर पोहोचलो. १७५४ ते १७७० या काळात बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर जखडलेला गेंडा कोरलाय आणि सोबत गोरे शिपाई. काका कितीतरी वेळ त्या दगडावर हात ठेवून उभे होते. "इतकी वर्षं या गल्लीत टपाल दिलं गं, पण हे कधी नीट पाहिलंच नाही." त्या दिवसानंतर आमचे सगळेच जण भिंती, पाट्या, शिलालेख वाचत चालतात. शर्यतीतली निम्मी कोडी अशा नजरेनेच सुटतात.

पायांच्या तयारीला दहा आठवडे धरा. मंगळवारी पर्वती. १०३ पायऱ्या, सुरुवातीला चार फेऱ्या, हळूहळू दहापर्यंत. चढताना जोर लावा, उतरताना मात्र घाई करू नका, गुडघे तिथेच जातात. गुरुवारी १५ किलोमीटर सायकल आणि उतरल्या उतरल्या ३ किलोमीटर पळणं. सायकलवरून उतरल्यावर पाय दगडाचे होतात, त्याची सवय व्हायलाच हवी. रविवारी तीन ते पाच तास चौघांनी एकत्र: वेताळ टेकडी, तळजाई, आणि पंधरवड्यातून एकदा आतकरवाडीतून सिंहगड. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. पंक्चर काढणं, म्हणजे ट्यूब बदलणं, चौघांनाही आलंच पाहिजे. आणि सायकलचा रस्ता वेगळा आखा, कारण शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी आहेत. पायी जिथून सरळ जाता येतं तिथून सायकलला वळसा पडतो. उलट्या दिशेने घुसायचं नाही, हेल्मेटशिवाय बसायचं नाही, यात तडजोड नको.

टीमचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग. आमच्यात सगळ्यात हळू काका, म्हणून सपाटीवर ते पुढे असतात, बाकीचे मागे. चढावर मात्र दीर पुढे होतो आणि त्यांची पिशवी घेतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून तिचं एक टोक दिराच्या कमरेला बांधतो, दुसरं काकांच्या हातात. टेकडीच्या चढाला त्या ओढीचा खूप आधार होतो. रहदारीच्या रस्त्यावर मात्र ती वापरू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे त्रास होतोय हे सांगणं. एका सरावात दिराच्या टाचेला फोड आला आणि दोन तास तो गप्प राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, तुम्ही सगळे थांबला असता." फोड फुटेपर्यंत वेळ गेली आणि पुढचे दहा दिवस त्याचा सराव बुडाला. सुरुवातीलाच चिकटपट्टी लावली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. आता दर अर्ध्या तासाला मी विचारते, "आकडा?" त्रास किती ते प्रत्येकाने एक ते पाचमध्ये सांगायचं, एक म्हणजे काहीच नाही. कुणी दोन जरी म्हटलं तरी तिथेच थांबायचं. हे थांबणं मी उभं राहण्याच्या हिशेबात धरत नाही.

खाणं दर ४५ मिनिटांनी, भुकेची वाट न बघता. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, घट्ट करून पिऊ नका. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे, नवं खाणं काहीही नको.

नकाशा हातात पडल्यावर आजूबाजूच्या टीम सुसाट सुटतात. आम्ही जमिनीवर बसतो. भाची नकाशा पसरते, मी घड्याळात दहा मिनिटं लावते. कुठली ठिकाणं कुठल्या क्रमाने, सायकल कुठे सोडायची, वेळ कमी पडला तर काय गाळायचं, हे पेन्सिलने नकाशावर लिहितो. मग काका बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा आवळतात आणि म्हणतात, "हं, दाखव गं, पहिला मारुती कुठला?"