हजेरीतला ‘मेगाब्लॉक’

मी मुंबईत मानखुर्दला महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते. पटावर ४३ मुलं. हजेरीला सगळी ‘हजर बाई’ म्हणतात. आवाज हजर असतो, बाकीचं पोर कुठे असतं देव जाणे. म्हणून मी ‘हजर’ बंद केलं. आमची मुलं हार्बर लाइनच्या लोकल गाड्यांच्या आवाजात वाढलेली, तेव्हा उत्तरंही तिथलीच: ‘वेळेवर’ म्हणजे ठीक आहे, ‘लेट’ म्हणजे जरा बिनसलंय, ‘मेगाब्लॉक’ (दुरुस्तीसाठी लोकल बंद असतात तो) म्हणजे आज मला विचारू नका.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पहिला आठवडा फक्त ऐका. सगळी गंमत म्हणून ‘मेगाब्लॉक’ ओरडतील, ओरडू द्या. दुसऱ्या आठवड्यात गंमत ओसरते आणि खरी उत्तरं यायला लागतात. हजेरीपटावर नावापुढे पेन्सिलीने बारीक व, ल, मे लिहा. एकाच नावापुढे सलग तीन दिवस ‘मे’ दिसला की तुमचं काम सुरू.

इथे मी एकदा चुकले होते. एक मुलगा मेगाब्लॉक म्हणाला आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे, काय झालं?” तो चार दिवस शाळेत आला नाही. आता मी काहीच विचारत नाही. खिचडी वाटायला त्याला मदतीला घेते, किंवा खडू आणायला पाठवते आणि मागोमाग जिन्यापर्यंत जाते. हात कामात असले की मुलं बोलतात. समोर बसवून ‘सांग बघू’ म्हटलं की तोंड शिवलेलं.

बोलली तर लगेच उपाय सांगू नका. शिक्षकांची ही खोडच असते, माझीही आहे. “मग तू काय केलंस?” एवढं पुरतं. एक गोष्ट मात्र पक्की: ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक छळाचा संशय जरी आला तरी २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगा, पोलिसांना कळवा. मदतीला मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आहेच. तो नंबर मी फळ्याच्या कोपऱ्यात कायम ठेवते, मॉनिटरला पुसू देत नाही.

नवीन मूल आलं की आमच्याकडे ‘चौथी सीट’ असते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला मिळतं, तसं. मी कोणाला ‘हिच्याशी मैत्री कर’ सांगत नाही, सांगून मैत्री होत नाही. फक्त म्हणते, “जरा सरका.” दर सोमवारी जागा बदलतात, म्हणून शेवटचा बाक कोणाच्या नावावर होत नाही. श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी मात्र बदलत नाही. तिची जागा पुढे, पंख्याच्या घरघरीपासून लांब. तिच्याकडे तोंड करूनच मी बोलते. फळ्यावर लिहिताना बडबडायची सवय मोडायला मला वर्ष लागलं.

प्रकट वाचनाला उभं करून अडखळणाऱ्याला हसायचं, हे आपल्याच शाळांतून चालत आलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणंच नाही, मानसिक छळही बंद केलाय. ज्याचा वाचताना अक्षरांचा गोंधळ होतो त्याला मी आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवते, तोही फक्त तीन ओळींचा. तो घरून घोटून येतो. वर्गाला पत्ता नाही. तरीही महिनोन्‌महिने प्रगती दिसली नाही तर पालकांना बोलावून तपासणीचं सुचवा. शीवच्या पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता मोजली जाते, आणि प्रमाणपत्र हाती असलं की पुढे दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती मागता येतात. आईला ‘तुमचं पोर कच्चं आहे’ म्हणू नका. ‘चष्म्याचा नंबर काढतो तसं समजा’ म्हटलं की ती ऐकते.

हजेरीत शेवटचं नाव माझं असतं. मुलं विचारतात, “बाई तुम्ही?” खोटं बोललात तर उद्यापासून तीही खोटं बोलतील. परवा मी मेगाब्लॉक म्हटलं. वर्ग चिडीचूप वगैरे काही झाला नाही, दहा मिनिटांत दोघं पट्टीवरून जुंपले. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, “ए, बाईंचा मेगाब्लॉक आहे ना, मधल्या सुट्टीत भांडा!”