क्रूझला निघताना स्नॉर्कलिंगचे साहित्य कसे भरावे

मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाणार असाल तर फिन्स (पायात घालायचे पंख) भाड्याचे चालतील, पण मास्क (डोळे-नाक झाकणारा, काचेचा) आणि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) स्वतःचेच न्या. मास्कमध्ये पाणी शिरू लागले की मासे बघायचे राहतात आणि डोळे पुसण्यातच वेळ जातो.

मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर बसला, नाहीतर दुसरा बघा. पट्टा आवळून गळती थांबत नाही. उलट सिलिकॉनची कड दुमडते आणि पाणी जास्त येते. मिशीवाल्यांना हा त्रास हमखास होतो. मिशी उतरवायची गरज नाही, नाकाखाली कड टेकते तेवढी अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी साफ करा. चष्म्यावरून मास्क बसत नाही. तुमच्या नंबरची काच बसवता येणारा घ्या.

नव्या काचेवर कारखान्यातून सिलिकॉनचा पातळ थर येतो, त्यामुळे वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळा, धुवा, असे दोन-तीनदा करा. काच प्लास्टिकची असेल तर मात्र हे करू नका, ओरखडे पडतील.

निघण्याआधी आठवडाभर तरी पोहण्याच्या तलावात किंवा ओळखीच्या विहिरीत, सोबत पोहणारा माणूस घेऊन, सगळे घालून बघा. कृष्णेत नको, तिथे ओढही असते आणि गढूळ पाण्यात काही कळतही नाही. मास्कमधले पाणी काढायला वरची कड कपाळाशी दाबा, नजर थोडी वर करा आणि नाकाने श्वास सोडा. स्नॉर्कलमधले पाणी तोंडाने एकच जोरदार फुंकर मारून उडवायचे. हे सवयीचे झाले की समुद्रात घाबरायला होत नाही.

आता भरणे. मास्क कडक डबीतच ठेवा, कारण दोन दिवस दबून वाकलेली कड पाण्यात गळते. पारदर्शक सिलिकॉनला काळे रबर लागू देऊ नका, डाग पडतो. लांब फिन्स साधारण 60 सेंटीमीटरचे असतात, ते सुटकेसमध्ये तिरपे घाला आणि पायाच्या खोबणीत मोजे कोंबा, म्हणजे खोबण चेपत नाही. स्नॉर्कल त्यांच्या कडेला, न वाकवता. जादा म्हणून मास्कचा एक पट्टा, स्नॉर्कलची एक क्लिप, बेबी शाम्पूची छोटी बाटली आणि एक जाळीची पिशवी पुरे. पाण्यात उतरण्याआधी शाम्पूचा एक थेंब काचेला आतून लावून हलके धुतले की वाफ धरत नाही. पाणबुड्यांचा चाकू घेऊ नका, जहाजावर नेऊ देत नाहीत.

सांगली-साताऱ्याहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात तर मास्कची डबी बर्थखाली न सरकवता उशाशी घ्या. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा आधी जमा करून घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी येतात. म्हणून डबी आणि पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.

जहाजाच्या बाथरूममध्ये बादली मिळेल असे धरू नका. बेसिनचे बूच लावून मास्क-स्नॉर्कल गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा, फिन्स शॉवरखाली धुवा. बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नका, वाऱ्याने समुद्रात जाते. जाळीची पिशवी बाथरूममध्येच टांगा.

येताना किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे.

घरी आल्यावर सगळे पुन्हा एकदा धुऊन सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन खराब होते. कडेच्या घडीत आणि स्नॉर्कलच्या झडपेत ओल राहते, तिथे बोट फिरवून बघा. ओल राहिलेल्या मास्कची डबी पावसाळाभर बंद राहिली, तर उघडल्यावर कडेला काळी बुरशी दिसते आणि ती सहसा निघत नाही.