कमतारूचे 44 गोल कसे वाचायचे

कमतारू म्हणजे रोमानियाचा जुना फुटबॉल स्ट्रायकर, गोल मारणारा पुढचा खेळाडू. आधी नाव नीट म्हणा. रोमानियन लिपीत याच्या आडनावातल्या पहिल्या दोन 'ए'च्या डोक्यावर एकेक छोटी वाटी असते. त्या वाटीचा उच्चार म्हणजे आपला साधा 'अ'. तेव्हा 'कामाटारू' नाही, रोदिओन कमतारू. इंग्रजीला जे जमत नाही ते आपल्याला फुकटात जमतं, तर ते सोडू नका.

मी एकदा क्विझसाठी प्रश्न काढला होता: 1987चा युरोपचा गोल्डन बूट, म्हणजे युरोपातल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याचा पुरस्कार, कोणाचा? उत्तर लिहिलं कमतारू. मागून एकजण ओरडला, "पोल्स्टर!" मी ठामपणे नाही म्हटलं, घरी येऊन तपासलं आणि कळलं की त्याचंही बरोबर होतं. तेव्हापासून जुन्या स्ट्रायकरचे आकडे मी असेच घेत नाही.

आता वहीचं कोरं पान घ्या. वर हंगाम लिहा, 1986-87. क्लब, दिनामो बुकुरेश्त. लीगचे सामने 34, कारण तेव्हा रोमानियाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये 18 संघ होते आणि प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. गोल 44. इथेच थांबलात तर फसलात. गोलांची बेरीज बघायची नाही, गोल कधी झाले ते बघायचं. शेवटच्या सहा सामन्यांत त्याने सुमारे वीस गोल मारले. म्हणजे आधीच्या 28 फेऱ्यांत चोवीसच्या आसपास, सामन्याला एकही पूर्ण नाही. आणि मग एकदम सामन्याला तीनहून जास्त. एखादा खेळाडू फॉर्मात येतो, मान्य. पण एवढा?

मग क्लब कोणाचा ते विचारा. ही पायरी लोक गाळतात आणि रोमानियाच्या बाबतीत तीच महत्त्वाची आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात दिनामो गृहखात्याचा क्लब, स्तेआवा लष्कराचा. अशा क्लबसमोर हंगामाच्या शेवटी बचाव किती जीव तोडून होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ऑस्ट्रिया व्हिएन्नाचा टोनी पोल्स्टर त्या वर्षी 39 गोलांवर होता आणि बूट त्याच्या हातून गेला. राजवट कोसळल्यावर 1990मध्ये त्यालाही एक बूट देण्यात आला. कमतारूचा काढून घेतला नाही. क्विझवाल्यांची पंचाईत तेवढी कायमची झाली.

पुढे 1991 ते 1996 हा पुरस्कार अधिकृतपणे दिलाच गेला नाही, आणि 1996-97पासून गोलांना लीगच्या दर्जाप्रमाणे गुण लागू झाले: वरच्या लीगमधला गोल दोन गुणांचा, मधल्यांतला दीड, उरलेल्यांतला एक. त्याआधी सगळे गोल सारखेच मोजले जायचे, हे जुना तक्ता वाचताना विसरू नका.

पण म्हणून माणूस खोटा ठरवू नका. मी स्वतः आधी तीच चूक केली. 44चा आकडा बोटाने झाका आणि उरलेली कारकीर्द वाचा. लीगमध्ये एकूण 198 गोल. 44 वजा केले तरी 154 राहतात. त्यातले बरेच युनिव्हर्सितातेआ क्रायोवासाठी. हाच तो संघ ज्याला तिकडे 'क्रायोवा मॅक्सिमा' म्हणतात: 1980 आणि 1981ची लीग जिंकली, 1982-83च्या यूएफा कपमध्ये फिओरेन्तिना, बोर्दो आणि कैझर्सलाउटर्नला घरी पाठवलं, आणि उपांत्य फेरीत बेनफिकाशी लिस्बनला 0-0, क्रायोवात 1-1 करून परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने (बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) बाहेर पडला. तिथे कोणी वाट मोकळी करून देत नव्हतं. शिवाय देशाकडून सत्तरहून जास्त सामने आणि 1984ची युरो स्पर्धा. माझ्या मते कमतारू बघायचा तो इथे.

1989 नंतरचं बेल्जियमचं शार्लरुआ आणि नेदरलँड्सचं हेरेनवेन, हे दोन क्लब पटकन वाचले तरी चालेल. तिशी ओलांडलेला स्ट्रायकर, 1993ला संपलं.

हात बसला की दोरिन मातेऊत्स घ्या: दिनामो, 1988-89, 43 गोल, आणि खेळायचा मिडफिल्डला. पान कोरं ठेवलंय.