कूलरवाल्याचं रजिस्टर डेटाबेसमध्ये आणताना रकाने कसे पाडावेत

नागपुरात कूलर दुरुस्ती म्हणजे तीन महिन्यांत वर्षाची कमाई. मार्चमध्ये ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लागणाऱ्या गवताच्या जाळ्या, बदलायचे फोन सुरू होतात, आणि नवतपा लागला की, म्हणजे 25 मेच्या सुमारास, दुकानदाराला जेवायचीही फुरसत नसते. अशा छोट्या दुकानांचे डेटाबेस मी बसवून देतो. फेब्रुवारीत बोलावलं तर जातो. एप्रिलमध्ये फोन आला तर सरळ सांगतो, भाऊ, आता दिवाळीनंतर.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच नका. काउंटरजवळ स्टूल टाकून बसा आणि दुकानात कोण काय विचारतं ते कागदावर उतरवा. "मागच्या उन्हाळ्यात पंप टाकला होता, वॉरंटीत आहे का?" "माणूस कधी येणार?" "मानेवाड्याकडची आजची कामं किती? पोराला एकाच फेरीत पाठवतो." कुठल्या प्रश्नाला कुठला रकाना लागतो ते समोर लिहा. ज्याला प्रश्नच नाही तो रकाना पाडू नका. ग्राहकाची जन्मतारीख काऊन पाहिजे कूलरवाल्याला?

मग टेबलं. एका लांबलचक टेबलात सगळं कोंबायचा मोह सगळ्यांना होतो, आणि लगेच 'पंप१, पंप२, पंप३' असे रकाने उगवतात. चौथा पंप आला की काय करणार? आणि कुठला पंप सगळ्यात जास्त गेला हे शोधायला तीन-तीन रकाने चाळावे लागतात. मी पाच टेबलं करतो: ग्राहक, जागा, कूलर, काम आणि कामात लागलेलं सामान. होस्टेलवाल्याकडे वीस कूलर असतात, भाडेकरू दर दोन वर्षांनी घर बदलतो. म्हणून ग्राहक वेगळा, जागा वेगळी. रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे वेगवेगळी टेबलं एकमेकांना जोडून ठेवायची, ही कल्पना एडगर कॉडने 1970 मध्ये मांडली, पण तिचा फायदा कळायला एका होस्टेलचं बिल पुरतं. प्रत्येक टेबलातल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा अनुक्रमांक द्या. मोबाइल नंबरला ओळख बनवू नका. नंबर बदलतो, आणि एकाच नंबरावर सासू-सून दोघींची बिलं निघतात.

आता पत्ता. खरी माती इथेच होते. आपल्याकडे पत्ता म्हणजे प्लॉट नंबर, ले-आउट, मग कुठल्या तरी मंदिराच्या मागे. हे सगळं एकाच रकान्यात टाकलंत तर इलाक्याप्रमाणे यादी कधीच निघणार नाही. प्लॉट, ले-आउट, खूण, इलाका, पिनकोड असे पाच रकाने करा. प्लॉट नंबर अक्षरी ठेवा, कारण तो '12-अ' असतो, '5/2' असतो. एक्सेलमध्ये 5/2 टाईप केलं की त्याचं 5 फेब्रुवारी होतं, आणि पोरगा ती तारीख घेऊन ले-आउटभर फिरतो. इलाका मात्र हाताने टाईप करू देऊच नका. बर्डी, सीताबर्डी, सिताबर्डी: माणसाला तिन्ही एकच, मशीनला तीन वेगळे गाव. इलाक्यांचं छोटं टेबल करा आणि त्यातूनच निवडायला लावा. फक्त पिनकोडवर भागवू नका. एका पिनकोडात बऱ्याच वस्त्या येतात.

आकड्यांबद्दल माझा नियम साधा आहे: ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, अक्षरं. पिनकोड, मोबाइल, बिल नंबर सगळे त्यात आले. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या साध्या पूर्णांक रकान्यात 2147483647 च्या वर काही बसत नाही आणि आपले मोबाइल नंबर 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे एकही मावणार नाही. पैशांच्या रकान्याचा प्रकार डेसिमल (दशांश नेमका ठेवणारा) घ्या, फ्लोट (अंदाजे ठेवणारा) नको. फ्लोटमध्ये पैशांची बेरीज दशांशात हलते. नावं मराठीत ठेवायची असतील तर अक्षरं साठवायची पद्धत म्हणून यूटीएफ८एमबी४ निवडा, आणि लांबी सढळ हाताने द्या. 'क्षी' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण डेटाबेस चार मोजतो.

सामानाच्या टेबलात पंपाची त्या दिवशीची किंमत लिहून ठेवा, दरपत्रकात ती असली तरी. पुष्कळ जण याला दुबार नोंद म्हणतात. नाही हो, दरपत्रकात आजचा भाव असतो, बिलात त्या दिवशीचा. मे महिन्यात भाव वाढला म्हणून मार्चचं बिल बदलून चालेल का?

तारखा दोन लागतात: कबूल केलेली आणि काम झालेली. दुसरी रिकामी म्हणजे काम बाकी. तिथे 'एनए' किंवा खोटी 01/01/1900 टाकू नका. कामाच्या स्थितीला ठरलेलेच शब्द हवेत, नाहीतर 'झालं', 'झाले', 'ओके' असे प्रकार वाढतात. ठरलेल्या शब्दांबाहेरचं काही घेऊ नये अशी 'चेक' अट डेटाबेसमध्येच लावत असाल तर आवृत्ती बघा; 8.0.16 च्या आधीचं मायएसक्यूएल ती अट मुकाट्याने वाचतं आणि सोडून देतं.

एक 'शेरा' रकाना मोकळा ठेवाच. 'कुत्रा सुटा असतो', 'दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये' हे दुसरीकडे कुठे लिहिणार? पण एकच गोष्ट शेऱ्यात पुन्हापुन्हा दिसू लागली, जसं 'वाळ्याच्याच ताट्या पाहिजेत', तर तिला कूलरच्या टेबलात 'ताटीचा प्रकार' असा रकाना द्या.

शेवटी जुन्या रजिस्टरचं मे महिन्याचं सगळ्यात घाणेरडं पान घ्या, तेलाचे डाग पडलेलं, आणि त्यातली प्रत्येक ओळ भरून बघा. एखादी ओळ बसली नाही तर रकाने बदला. मग काउंटरवर उतरवलेला प्रश्नांचा कागद काढून एकेका प्रश्नाचं उत्तर मागा. मानेवाड्याची यादी एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, निघाली, की दुकानदाराला पासवर्ड द्या आणि बॅकअप कुठल्या पेनड्राइव्हवर घ्यायचा ते त्याच्याच हाताने एकदा करून घ्या.