कॉलेजच्या फुटबॉल ग्राउंडला नाव कधी आणि कुणाचं पडलं, कसं शोधायचं (सांगलीवाल्यांसाठी)

आधी ग्राउंडवर जाऊन नुसतं विचारा. पोरं एक नाव सांगतील, माळीमामा दुसरं, आणि गेटवरच्या पाटीवर तिसरंच असेल. तिन्ही लिहून ठेवा, जुन्या कागदात कुठलं सापडेल सांगता येत नाही.

मग कोनशिला शोधा. ती बहुतेक पॅव्हेलियनच्या पायरीजवळ ऑइलपेंटखाली बुजलेली असते, ओल्या फडक्यानं पुसून मोबाईलचा टॉर्च बाजूनं आडवा मारला की अक्षरं वर येतात. त्यावर 'उद्घाटन' लिहिलंय का 'नामकरण' ते नीट वाचा राव, कारण खेळ आधीपासनं चालू असतोय आणि देणगीदाराचं नाहीतर जुन्या प्राचार्यांचं नाव मागनं लागतंय.

पाटीवर माझा फारसा विश्वास नाही, फेरफारावर (जमिनीचा मालक बदलल्याची सरकारी नोंद) आहे. सातबारा काढा, त्यावरचे फेरफार नंबर घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूममधनं जुने उतारे मागा (शहरात असेल तर सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्ड), म्हणजे जमीन संस्थेकडं खरेदीनं आली का बक्षीसपत्रानं ते कळतं, आणि बक्षीसपत्र निघालं तर नावाचं कोडं बऱ्याचदा तिथंच सुटतं. क्षेत्र पण बघा. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान म्हणजे साधारण ७० गुंठे, उताऱ्यावर एकच एकर दिसला तर उरलेलं दुसऱ्या गट नंबरात असणार.

जुने कागद चाळताना 'जिल्हा दक्षिण सातारा' दिसला तर घाबरू नका, ते आपलंच, १९६० ला जिल्ह्याचं नाव सांगली झालं. कॉलेजांचंही तसंच, वालचंद १९४७ ला सुरू झालं ते न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून, त्यामुळं आजच्याच नावानं शोधत बसलात तर सुरुवातीचे कागद हाताला लागणारच नाहीत.

टीमचे ग्रुप फोटो जिमखान्यात असतात, खाली वर्ष असतं. कुणी '१९५८ ची शिवाजी युनिव्हर्सिटी झोनल' म्हणाला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, शिवाजी विद्यापीठच १९६२ चं. त्याआधी आपली कॉलेजं पुण्याला आणि त्याच्याही आधी मुंबईला जोडलेली, विलिंग्डन तर १९१९ चं आहे म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला तिन्ही विद्यापीठं येतात.

एवढं करूनही अडलं तर सरकारी किंवा अनुदानित कॉलेजला माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तराला ३० दिवस. फक्त 'ग्राउंडचा इतिहास द्या' असलं मोघम लिहू नका, 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून हातात ठेवतील. 'मैदानाच्या नामकरणाच्या ठरावाची साक्षांकित प्रत' असं स्पष्ट मागा.