तीन खोल्यांना एकच एसी घेताय? या चुका टाळा

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. मागे स्लॅब, पुढे टिनाची सपरी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आठ दिवस आधी घाईघाईने मल्टी-स्प्लिट बसवला, गरम-थंड दोन्ही देणारा. बाहेर एक युनिट, आत तीन: आईची खोली, मुलांची खोली आणि हॉल. आता नात्यातलं कोणी विचारलं, की आम्हाला काय नडलं तेच आधी सांगतो.

सगळ्यात आधी लाइन तपासा. एप्रिल-मेमध्ये रात्री आठ ते दहा, गावातले सगळे कुलर चालू असताना, वायरमनकडून चार-पाच दिवस व्होल्टेज मोजून घ्या. आमच्याकडे दुपारी 225 दिसायचं, तेच रात्री साडेआठला 168 वर यायचं. वेगळे एसी असले तर एक बंद ठेवून दुसरा रेटता येतो. मल्टीत बाहेरचं युनिट कट झालं की तिन्ही खोल्या एकदम बंद, आणि ते बिघडलं तर मिस्त्री येईपर्यंत अख्खं घर तापतं. म्हणून स्टॅबिलायझर किती व्होल्टपासून काम करतो आणि बाहेरच्या युनिटच्या पूर्ण अँपिअरला पुरतो का, हे दोन्ही विचारा. वीजबिलावरचा मंजूर भारही वाचा. एक-दोन किलोवॉटच असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून घ्या, अर्थिंग नवं करा, मगच दुकानात जा.

दुसरी चूक टनाची. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट गारवा, पण तो मोजतात बाहेर 35 अंश असताना. आपल्याकडे मेमध्ये पारा 44-45 वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 47 लाही जातो. त्या उन्हात तेच यंत्र कमी गारवा देतं. माहितीपत्रकात 46 अंशाला किती क्षमता उरते ते बघा. आम्ही त्यात आणखी भर घातली: पाइप वाचवायला बाहेरचं युनिट सपरीच्या टिनावरच ठेवलं. दुपारी त्या टिनाला हात लावता येत नव्हता आणि युनिट तीच हवा ओढत होतं. नंतर उत्तरेच्या भिंतीला, कडुनिंबाच्या सावलीत हलवलं, तेव्हा दुपारी खोल्या गार व्हायला लागल्या. स्लॅबला वरून पांढरा रंग दिला त्याचाही फायदा झाला. हे काम खरं तर एसीच्या आधी करायचं.

मग खोल्या मोजण्यातली चूक. "भाऊ, पाच खोल्यांचं घेऊन टाका, पुढे कामी येईल," असं दुकानदार म्हणेल. पण रात्री घरात खरंच किती खोल्या चालतात? मोठ्या बाहेरच्या युनिटवर फक्त आईची लहान खोली चालवली, तर कॉम्प्रेसर तेवढा हळू फिरू शकत नाही. सुरू-बंद, सुरू-बंद होत राहतो आणि वीज वाया जाते. सगळ्यात कमी किती क्षमतेवर चालतो, हा आकडा मागा. एकच खोली वापरायची असेल तर बाहेर एक, आत एक असा साधा इन्व्हर्टर स्प्लिट बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिटिंगच्या दिवशी घरचं माणूस तिथं उभं राहू द्या. आमच्या मिस्त्रीने दोन खोल्यांच्या वायरी उलट जोडल्या होत्या. आईच्या खोलीत रिमोट दाबला की नुसता पंखा फिरे, आणि मुलांच्या खोलीतल्या बंद युनिटवर बर्फ धरून भिंतीवरून पाणी ओघळे. गॅस कमी म्हणून दोनदा गॅस भरला, पैसेही गेले. म्हणून एकेक खोली वेगळी सुरू करा आणि पंधरा मिनिटांनी त्याच खोलीत गार हवा येते का बघा. पाइपातली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायला लावा. गॅस सोडून हवा ढकलू देऊ नका. एसीत आर-32 नावाचा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो.

कुलर मात्र विकू नका. मेच्या कोरड्या हवेत खसची ताटी लावलेला कुलर अजूनही सगळ्यात स्वस्त. पावसाळ्यात तो चिकचिक करतो, तेव्हा एसी लावा. दोन्ही एकाच खोलीत एकदम नकोत, नाहीतर कुलरने आणलेला ओलावा काढण्यातच एसीची ताकद जाते.

घरात कापूस भरता? मग वेचणीच्या दिवसांत आतली जाळी दर आठवड्याला धुवा. आमच्या हॉलमधल्या जाळीवर बोटभर रुईचा थर बसला होता आणि आम्ही गॅस कमी झाला म्हणत होतो.

थंडीचं थोडक्यात. एका खोलीत गरम आणि दुसरीत थंड असं साध्या मल्टीत चालत नाही. दुसरं युनिट नुसतं दिवा लुकलुकवत थांबतं. गरमवर लावल्यावर पहिली काही मिनिटं पंखाच फिरत नाही, कारण आतली कॉइल तापायची असते. आईने पहिल्यांदा तेवढ्यात दोनदा बंद करून पाहिलं होतं. आता ती पट्ट्या खाली वळवते, कारण गरम हवा वरच तरंगते, आणि शाल पांघरून पाच मिनिटं वाट बघते.