जुन्या जीपचे स्टिअरिंग व्हील आणि हॉर्नची वायर बदलताना

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगला तडे जाऊन हॉर्नच्या वायरचे आवरणही ठिसूळ होते. म्हणून ही दोन्ही कामे एकत्रच करावीत.

प्रथम बॅटरीची तार काढावी आणि पुढची चाके सरळ ठेवावीत. हॉर्नचे बटण, त्याखालील स्प्रिंग व कप क्रमाने काढून त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. नट सैल करावा, पण दोनचार आटे तसेच ठेवावेत, म्हणजे व्हील अचानक सुटून तोंडावर येणार नाही. शाफ्ट (व्हील ज्यावर बसते तो दांडा) आणि व्हीलवर खूण करून पुलर, म्हणजे व्हील ओढून काढण्याचे अवजार, लावावा. हातोडा मारण्याचा मोह अनेक मिस्त्रींनाही आवरत नाही, परंतु तो धक्का थेट खाली स्टिअरिंग बॉक्समधील बेअरिंगला बसतो.

या जीपमध्ये सहसा बटण वीज पुरवत नाही. हॉर्नला वीज आधीच मिळालेली असते आणि बटण दाबल्यावर वायर धातूला टेकून अर्थिंग पूर्ण होते. त्यामुळे हॉर्न आपोआप वाजत राहिला, तर स्टिअरिंगच्या कॉलमच्या, म्हणजे व्हीलखालच्या दांड्याच्या, नळीत वायर घासली गेल्याचा संशय प्रथम घ्यावा. नवी लवचीक वायर जुन्या वायरच्या टोकाला बांधून ओढल्यास ती सहज आत जाते. तिच्यावर रबरी नळी चढवावी आणि व्हील शेवटपर्यंत दोन्ही बाजूंना फिरवून वायर ताणली जात नाही, याची खात्री करावी.